नीट टेकलेले पुष्पक विमान धावपट्टीवर अचानक फिरले कसे? शेपटीच्या चाकाच्या जुन्या विमानांविषयी प्रश्न

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे मामा १९७०च्या दशकाच्या अखेरीस खानदेशाबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिकच्या हाताखाली मदतनीस होते. तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत पुष्पक जातीच्या एका छोट्या प्रशिक्षण विमानाचा उतरताना अपघात झाला. विमानात एकच शिकाऊ वैमानिक होता, आमच्याच तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण विमान पुढे बराच काळ हँगरच्या कोपऱ्यात पडून राहिले.

मामा सांगतात ते असे. मे महिन्यातली दुपार होती. विमान तिन्ही चाकांवर एकदम, उसळी न घेता टेकले. धावपट्टीच्या मध्यापर्यंत सरळ धावले, वेग चांगलाच उतरला, आणि आता वळून हँगरकडे येणार असे सर्वांना वाटत असतानाच ते डावीकडे फिरू लागले. आधी हळू, मग गरकन. उजवा पंख खाली झुकून टोकाशी घासला, उजव्या चाकाचा पाय आत दुमडला, नाक खाली आले आणि पंख्याचे एक पाते तुटले. धूळ खाली बसली तेव्हा विमानाचे तोंड आले त्याच दिशेला होते.

क्लबात त्याच संध्याकाळी ‘शिकाऊ वैमानिकाचा हलगर्जीपणा’ असे ठरून गेले. त्या मुलाने त्यानंतर उड्डाण सोडले आणि घरची शेती सांभाळली. आज त्यांचे वय झाले आहे आणि तरीही गावात नवख्या माणसाला त्यांची ओळख ‘विमान पाडणारे’ अशीच करून दिली जाते, ही गोष्ट मला फार लागते. शिरपूर-धुळ्याकडे प्रशिक्षणाची विमाने उतरताना मी अनेकदा पाहिली आहेत; टेकल्यानंतर ती सरळच धावतात. मग नीट टेकलेले आणि वेग उतरलेले विमान असे फिरण्यामागे हलगर्जीपणाशिवाय दुसरे काही कारण असू शकते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझरा (धुळे) यांचे उत्तर

बोरीकाठ भाऊ, मी निवृत्त इन्स्ट्रक्टर आहे आणि माझे स्वतःचे पहिले तास पुष्पकवरच झाले, त्यामुळे तुमचा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला वैमानिकांच्या भाषेत ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. हलगर्जीपणा नसतानाही तो होऊ शकतो, कारण त्याचे बीज विमानाच्या बांधणीतच असते.

तुम्ही शिरपूर-धुळ्याकडे पाहता त्या विमानांना नाकाखाली चाक असते. पुष्पकला ते शेपटीखाली आहे. हा फरक दिसण्यापुरता नाही. शेपटीच्या चाकाच्या विमानात दोन मुख्य चाके पुढे असतात आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. टेकल्यावर जमिनीचे घर्षण चाकांना मागे ओढते, मात्र विमानाचे वजन चाकांच्या मागून पुढे रेटत असते. जोवर दोन्ही अगदी एका रेषेत आहेत तोवर ठीक. नाक थोडे जरी डावीकडे वळले, तरी मागून रेटणारे वजन त्या वळणाला आणखी वळवते, आणि वळण वाढले की रेटाही वाढतो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना ती जराशी तिरकी झाली आणि हाताने वेळेत सावरले नाही, तर पुढच्या क्षणी ती काटकोनात उभी राहते, हे आपल्याकडे शेतावर वावरलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. इथे नेमके तेच घडते. नाकाच्या चाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्यामुळे विमान थोडे वळले तरी आपोआप सरळ होऊ पाहते.

आता मामांच्या हकिगतीतील ‘वेग चांगलाच उतरला’ हे शब्द पाहा. विमान हवेत आणि धावपट्टीवर वेगात असताना दिशा सांभाळतो तो रडर, म्हणजे शेपटीवरची उभी हलती पाटी, आणि रडर काम करतो तो त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. वेग उतरत जातो तसा रडर दुबळा होत जातो. अगदी सावकाश चालताना शेपटीचे चाक दिशा सांभाळते. या दोन अवस्थांच्या मध्ये काही क्षण असे येतात की रडरमध्ये जोर उरलेला नसतो आणि शेपटीच्या छोट्या चाकाला अजून पुरते पेलवत नाही, पण विमानात फिरण्याइतका वेग मात्र असतो. पाहणाऱ्याला वाटते, उतरले एकदाचे. बहुतेक ग्राउंड लूप याच क्षणांत होतात. उजवा पंख झुकणे आणि उजवा पाय आत दुमडणे हेही त्याच्याशी जुळते, कारण डावीकडे गरकन फिरताना सारा भार बाहेरच्या, म्हणजे उजव्या बाजूवर येतो आणि त्या पायावर आडवा ताण पडतो. तो पाय उभा धक्का सोसण्यासाठी बनवलेला असतो, आडवा नव्हे.

मे महिन्याची दुपार हाही महत्त्वाचा धागा आहे. तो क्लब कुठला ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी आपल्या जळगावचे उदाहरण घेतो. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. तिथे ४४ अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी वागते. वेगदर्शकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विमानाचा प्रत्यक्ष वेग सुमारे सात टक्के जास्त असतो, म्हणजे थांबवायची गतिज ऊर्जा जवळपास चौदा टक्के जास्त. शिवाय तापलेल्या धावपट्टीवर वारा एका दिशेने वाहत नाही. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लोंबकळत असतो, आणि एवढ्यात बाजूच्या नांगरलेल्या काळ्या रानातून वावटळ उठून धावपट्टी ओलांडून जाते. शेपटीच्या उभ्या पृष्ठभागावर असा आडवा झोत बसला की नाक वाऱ्याच्या दिशेला वळते. नेमका हा झोत मी वर सांगितलेल्या दुबळ्या क्षणांत आला, तर शिकाऊ माणसाच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

त्या काळी देशातल्या क्लबांत शिकणाऱ्या मुलांना बहुधा अशीच विमाने मिळत. टायगर मॉथ, डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आणि १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२, १९५८ साली प्रथम उडालेले पुष्पक, ही सगळी जमिनीवर शेपटी टेकवून उभी राहणारी. ती उत्तम शिक्षक होती असे माझे प्रामाणिक मत आहे. मात्र ती चूक पोटात घालत नसत.

नंदुरबारकर यांचे उत्तर

पांझरा सरांचे भौतिकशास्त्र बिनचूक आहे, पण निष्कर्षाबाबत माझा थोडा मतभेद आहे. मी आजही परदेशात शेपटीच्या चाकाचे विमान उडवतो. या विमानांचा स्वभावच फिरण्याचा आहे हे पहिल्या धड्यातच शिकवले जाते, आणि म्हणूनच टेकल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही पाय रडरच्या पेडलांवर जागे ठेवणे ही वैमानिकाची जबाबदारी ठरते. नाक वळलेले डोळ्यांना दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पायाने लहान लहान, झटपट दुरुस्त्या सतत करत राहाव्या लागतात. स्टिक (हातातली नियंत्रणाची दांडी) पोटाशी घट्ट ओढून धरायची, म्हणजे शेपटीचे चाक जमिनीवर दाबले जाते. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याच्या बाजूला कलते ठेवायचे. तरीही नाक निसटू लागले तर क्षणभर थ्रॉटल पुढे द्यायचा, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवायची, म्हणजे पंख्याचा झोत रडरवर येऊन त्यात पुन्हा जीव येतो.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, आपल्या १९३२च्या पहिल्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून, कराचीहून निघून मुंबईत जुहूला लेपर्ड मॉथ उतरवले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तेही शेपटीच्या चाकाचेच जुने विमान होते. विमानाला दोष देऊन मोकळे झालो तर आज अशी विमाने उडवणाऱ्या मुलांना आपण चुकीची सवय लावू, एवढीच माझी काळजी आहे. त्या काकांचा अपमान व्हावा असे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि गावाने त्यांना असे नाव ठेवणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे.

वाघूर (जळगाव) यांचे उत्तर

मी विमान देखभाल अभियंता म्हणून नोकरी केली आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. नंदुरबारकरांचे पायांविषयीचे म्हणणे खरे आहे. पण पाय दाबला आणि त्याचा परिणाम चाकापर्यंत पोहोचलाच नाही, असे झाले तर?

पुष्पकसारख्या विमानात रडरच्या दोन्ही बाजूंना छोटे आडवे हात असतात आणि तिथून दोन साखळ्या व स्प्रिंगा शेपटीच्या चाकाकडे जातात. उजवे पेडल दाबले की उजवी स्प्रिंग ताणली जाऊन चाक वळवते, डाव्याचे तसेच. या स्प्रिंगा बाहेर, धुळीत आणि चिखलात असतात, आणि प्रत्येक लँडिंगला झिजतात. एक स्प्रिंग तुटली किंवा साखळीची कडी निसटली तर विमान हवेत अगदी नीट उडते, कारण रडर शाबूत असतो. वेगात धावतानाही काही जाणवत नाही. दोष दिसतो तो फक्त वेग उतरल्यावर, म्हणजे पांझरा सरांनी सांगितलेल्या त्याच दुबळ्या क्षणांत. दुसरी शक्यता ब्रेकची. एका बाजूचा ब्रेक अडकून धरला किंवा दोन्हींची पकड कमी-जास्त असली, तर सरळ धावणारे विमान त्या बाजूला ओढले जाते. त्या पिढीतल्या अनेक हलक्या विमानांचे ब्रेक टाचेने दाबायचे असत. घाईत एक टाच आधी पडणे अगदी सोपे.

जुन्या विमानाच्या अपघातात कारण किती आत दडलेले असू शकते याचे एक गाजलेले उदाहरण देतो. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचे १९४२ साली बनलेले रायन पीटी-२२ विमान कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाहून उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली आणि त्यांना जवळच्या गोल्फ मैदानावर विमान उतरवावे लागले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिन उघडून पाहिले तेव्हा कार्ब्युरेटरमधील मुख्य जेट (इंधन मोजून सोडणारी छोटी तोटी) आपल्या जागेवरून उसकटून आडवे फिरलेले आढळले. त्यामुळे इंधन गरजेपेक्षा फार जास्त जात होते. कार्ब्युरेटरच्या देखभालीच्या सूचनांत त्या जेटची वेळोवेळी तपासणी करा असे कुठे लिहिलेलेच नव्हते. चौकशी तिथेही थांबली नाही: खांद्याचा पट्टा ज्या ठिकाणी बसवला होता ती आसनाची पाठ पुरेशी मजबूत नव्हती, त्यामुळे दुखापत वाढली असावी, हेही अहवालात नोंदवले गेले. तो अपघात ग्राउंड लूप नव्हता, हे मला मान्य आहे. पण ‘वैमानिक होता, विमान पडले’ एवढ्यावर समाधान मानले असते, तर ते जेट कोणी पाहिलेच नसते.

बोरीकाठ, मामांना एवढेच विचारा: विमान उचलून हँगरमध्ये नेताना शेपटीच्या चाकाकडे कोणी पाहिले होते का? आणि पंख्याचे दुसरे पाते कसे होते?

बोरीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मामांशी सविस्तर बोललो. ते म्हणाले की शेपटी खांद्यावर उचलणाऱ्यांपैकी ते स्वतः एक होते, आणि चाकाची एका बाजूची स्प्रिंग लोंबत होती हे त्यांना पक्के आठवते, कारण ती त्यांच्या मनगटाला लागली होती. बाजू त्यांच्या मते उजवी. त्या वेळी सर्वांनी धरून चालले की विमान फिरताना ती तुटली, आणि कोणी पुढे विचारले नाही. पंख्याचे दुसरे पाते जवळजवळ शाबूत होते. वाऱ्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, धुळीचा एक भोवरा पलीकडच्या बाजूला दिसला होता, पण तो विमानापर्यंत आला की नाही ते त्यांना सांगता येत नाही.

वाघूर यांचे उत्तर

ही माहिती फार मोलाची आहे. मी तिच्यातून जेवढे निघते तेवढेच सांगतो.

उजवी स्प्रिंग लँडिंगच्या आधीच तुटलेली असेल, तर दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या असणार. डावीकडे निघालेले विमान सावरण्यासाठी त्या मुलाने उजवे पेडल पूर्ण दाबले तरी चाक उजवीकडे वळले नसते. आणि शाबूत राहिलेल्या डाव्या स्प्रिंगचा ताण तोलायला समोर काही नसल्यामुळे चाक आपणहून विमानाला डावीकडेच नेत राहिले असते. म्हणजे मामांनी पाहिलेले ‘आधी हळू, मग गरकन’ हे वर्णन याच्याशी चोख जुळते. उलट बाजूही सांगायला हवी. विमान डावीकडे फिरताना शेपटी उजवीकडे फेकली जाते आणि त्या आडव्या ताणाने धडधाकट स्प्रिंगही तुटू शकते. कोणते आधी घडले याचा पुरावा तुटलेल्या टोकांवर असतो. ताज्या तुटीचा धातू चकचकीत आणि खडबडीत दिसतो. आधीपासून चिरत आलेल्या स्प्रिंगच्या तुटीचा एक भाग काळपट, गंजलेला आणि गुळगुळीत असतो. साध्या भिंगाखाली हे कळले असते. ती स्प्रिंग बहुधा भंगारात गेली.

एक पाते तुटून दुसरे शाबूत राहणे याचा अर्थ साधारणपणे असा की जमिनीला लागताना इंजिन मंद होते. जोरात फिरणारा लाकडी पंखा जमिनीला लागला तर दोन्ही पात्यांच्या चिंध्या होतात. म्हणजे नंदुरबारकरांनी सांगितलेला थ्रॉटलचा उपाय त्या मुलाने केला नसावा, किंवा करायला वेळ मिळाला नसावा. इथे मी त्यांच्याशी सहमत आहे: तो उपाय त्याला शिकवलेला होता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण तो प्रश्न शिकवणाऱ्यांनाही लागू होतो.

जाता जाता एक बाब, जी अशा अपघातानंतर हमखास दुर्लक्षित होते. पाते जमिनीला लागले की तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत जातो. पंखा बदलून इंजिन सुरू झाले म्हणजे ते ठीक आहे असे समजू नये. आत बारीक चीर राहिली तर ती पुढे कधीतरी हवेत उघडी पडते. कापड चढवलेल्या पंखातही वरून सारे ताणलेले, रंगवलेले, सुरेख दिसते आणि आत स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आडवा कणा, तडकलेला असू शकतो. टायगर मॉथसारख्या लाकडी स्पारच्या विमानात पंखाचे टोक घासले असेल, तर कापड फाडून आत पाहिल्याशिवाय ते पुन्हा उडवू नये असे मी निक्षून सांगेन.

नंदुरबारकर यांचे उत्तर

स्प्रिंगबद्दल वाचून मी माझे आधीचे म्हणणे बदलतो. जागे पाय उपयोगाचे ठरतात ते पेडल आणि चाक यांच्यामधली जोडणी शाबूत असेल तरच. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून तपासणी करताना शेपटीपाशी गुडघ्यावर बसून त्या दोन्ही स्प्रिंगा बोटांनी ओढून पाहणे ही माझी सवय आहे. माझ्या इन्स्ट्रक्टरने ती मला लावली. त्या काळच्या प्रत्येक शिकाऊ मुलाला ती कोणी लावली असेलच असे मी गृहीत धरले, ते बरोबर नव्हते.

पांझरा यांचे उत्तर

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्ये अपघाताच्या चौकशीचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे: पुढचा अपघात टाळणे. दोष किंवा दायित्व ठरवणे हा तिचा हेतू नाही. आपल्याकडे २०१२ साली स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण ब्युरो याच तत्त्वावर काम करतो. तुमच्या हकिगतीत चौकशीआधीच दोष ठरला आणि चौकशीची गरजच संपली. त्यात त्या मुलाचे नुकसान झालेच. शिवाय, स्प्रिंग खरोखरच आधी तुटली असेल, तर त्याच क्लबातली बाकीची विमानेही तशाच झिजलेल्या स्प्रिंगांवर उडत राहिली असणार.

बोरीकाठ भाऊ, आता करण्यासारखी एक गोष्ट आहे. प्रत्येक विमानाचे लॉगबुक असते आणि त्यात बदललेल्या भागांची नोंद करावी लागते. तो क्लब आजही चालू असेल तर त्या पुष्पकची अपघाताआधीच्या काही महिन्यांची पाने मिळतात का ते लेखी पत्राने विचारा. शेपटीच्या चाकाची दुरुस्ती किंवा त्याबद्दल कोणा वैमानिकाची तक्रार त्यात असेल तर तिची प्रत मागा. पत्रात विमानाचा नोंदणी क्रमांक घालावा लागेल; तो मामांना आठवत नसला तरी जुन्या फोटोत विमानाच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत दिसेल. मसुदा लिहायला मदत हवी असल्यास मी आनंदाने करीन. आणि लॉगबुक मिळो वा न मिळो, वाघूर यांनी स्प्रिंगबद्दल लिहिलेले त्या काकांना तुम्ही स्वतः जाऊन वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. उजवे पेडल दाबल्यावर पायाला काय जाणवले होते, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही, आणि तुम्ही सांगता त्यावरून तो प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला दिसत नाही.